बाळाच्या दुधाचा डबा कुलपात का?

दुकानातून नजर चुकवून लांबवल्या जाणाऱ्या वस्तूंमध्ये दारू, दाढीची पाती आणि सौंदर्यप्रसाधने यांच्या बरोबरीने बाळाच्या दुधाच्या पावडरीचा डबाही असतो. ब्रिटन-अमेरिकेतली कितीतरी दुकाने तो काचेच्या कपाटात कुलपाआड ठेवतात किंवा त्याला चुंबकीय पट्टी बांधतात. डायपरचीही चोरी होते. त्याचे मोठे पुडके पिशवीत लपत नाही, म्हणून ते सरळ ढकलगाडीत घालून पैसे न देता बाहेर नेले जाते.

कोणता माल चोरीला जातो याचा अभ्यास गुन्हेशास्त्रज्ञ रोनाल्ड क्लार्क यांनी 1999 साली मांडला. लपवायला सोपी, उचलून नेण्याजोगी, सहज हाताशी येणारी, मोलाची, हवीहवीशी आणि झटपट विकली जाणारी वस्तू चोराला आवडते, असे त्यांचे म्हणणे. यातला शेवटचा गुण सगळ्यांत महत्त्वाचा. चोरलेल्या मालाला गिऱ्हाईक नसेल तर चोरी फुकट जाते. दुधाच्या डब्याला गिऱ्हाईक शोधावे लागत नाही.

याचे कारण घरच्या हिशेबात आहे. केवळ पावडरीच्या दुधावर असलेले चार महिन्यांचे बाळ दिवसाला साधारण 900 मिलिलिटर दूध पिते. त्यासाठी सव्वाशे ग्रॅमच्या आसपास पावडर लागते. म्हणजे 400 ग्रॅमचे पाकीट सव्वातीन दिवसांत संपते. अशा पाकिटाला चारशेच्या वर रुपये पडतात, आणि महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाची मजुरी 2025-26 साली दिवसाला 312 रुपये होती. एका पाकिटाला दिवसभराची मजुरीही पुरत नाही आणि महिन्याला नऊ-दहा पाकिटे लागतात. अंगावरचे दूध पुरत नसलेल्या आईला हा खर्च पुढच्या महिन्यावर ढकलता येत नाही. तेल महागले तर फोडणीत हात आखडता घेता येतो. दुधात पाणी वाढवले तर बाळाचे पोषण तुटते. एकदा मानवलेली पावडर बदलायलाही घरचे लोक धजत नाहीत. त्यामुळे ठरावीक छापाच्या डब्याला वर्षभर सारखी मागणी राहते.

सवलतीचा दिलासाही इथे नसतो. भारतात 1992 च्या कायद्याने बाळाच्या दुधाच्या पावडरीची जाहिरात, मोफत नमुने आणि विक्री वाढवण्यासाठीची सूट यांवर बंदी आहे. स्तनपानाला धक्का लागू नये हा त्यामागचा हेतू, आणि तो योग्यच आहे. पण जिथे दुकानदाराला किंमत उतरवता येत नाही, तिथे स्वस्तात डबा देऊ करणाऱ्या आडवाटेच्या विक्रेत्याचे फावते.

अमेरिकेत ही आडवाट सरकारी योजनेपर्यंत पोचली. गरीब माता-बालकांच्या पोषण योजनेतून तिथली निम्म्याहून अधिक पावडर घेतली जाते. चोरीचे डबे छोट्या दुकानांमार्फत याच योजनेत खपवले जाऊ लागले, तेव्हा 2004 च्या कायद्याने दुकानदारांना ठरावीक यादीतल्या पुरवठादारांकडूनच पावडर घेणे बंधनकारक केले. टंचाईत या मालाचे मोल आणखी चढते. चीनमध्ये 2008 साली दुधात मेलामाइन मिसळल्याचे उघड झाल्यावर तिथले पालक परदेशी डब्यांकडे वळले. हाँगकाँगमधली कपाटे रिकामी होऊ लागली, म्हणून 1 मार्च 2013 पासून तिथून बाहेर जाणाऱ्या प्रत्येकाला फक्त 1.8 किलो, म्हणजे साधारण दोन डबे, नेण्याची मुभा राहिली.

महाराष्ट्रातल्या हिंगोली जिल्ह्यात मात्र चित्र वेगळे आहे. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ, वसमत या पाचही तालुक्यांत बाळाची पावडर प्रामुख्याने मेडिकलच्या काउंटरपलीकडे असते. गिऱ्हाईक नाव सांगते, दुकानदार फळीवरून पाकीट काढून देतो. क्लार्क यांच्या यादीतला ‘हाताशी येणारी’ हा गुण इथेच गळून पडतो. डायपरचेही तसेच: किराणा दुकानात एकेका डायपरच्या पाकिटांची माळ दुकानदाराच्या डोक्यावर टांगलेली असते. रोजच्या मजुरीतून एकच डायपर घेणाऱ्या घराची सोय होते आणि माल दुकानदाराच्या नजरेपुढे राहतो. घरात दुपटी, लंगोट आणि बोंडले अजून वापरात असल्याने विकतच्या वस्तूंवरचा भारही कमी पडतो.

गिऱ्हाइकाने स्वतः माल उचलायचा, ही पद्धत क्लॅरेन्स साँडर्स यांनी 1916 साली अमेरिकेत मेम्फिस इथल्या दुकानात रूढ केली. नोकर कमी लागले, विक्री वाढली आणि चोरीची संधीही वाढली. सुपर शॉपीचे कॅमेरे आणि दारावरचे तपासनीस ही त्याच सोयीची किंमत आहे.

चोरीच्या डब्यात खरा धोका असतो तो बाळाला. गाडीच्या डिकीत, पत्र्याच्या खोलीत तापलेला, मुदतीची तारीख खोडलेला डबा आईच्या हाती पडू शकतो. बिल नसले की तक्रार करायलाही जागा उरत नाही.

भारतात 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 303 नुसार, पाच हजार रुपयांहून कमी किमतीची चोरी पहिल्यांदाच सिद्ध झाली आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर समाजसेवेची शिक्षा होते.  चोरीचा माल जाणूनबुजून घेणाऱ्याला मात्र कलम 317 खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.