अमेरिकेचा इतिहास वर्ध्याच्या मुलांस कसा शिकवावा?

ज्या मुलास आर्वीहून नागपुरास जाण्याचा प्रसंगही क्वचितच येतो, त्याने वॉशिंग्टन व लिंकन यांची नावे घोकून काय मिळवावयाचे, असे विचारणारे पालक आमच्या जिल्ह्यात पुष्कळ आहेत. त्यांचा प्रश्न रास्त आहे. घोकून काहीच मिळावयाचे नाही, हे आम्ही प्रथमच मान्य करतो. परंतु म्हणून तो विषयच टाकून द्यावा, हे मात्र आम्हास मान्य नाही. कारण त्या मुलाच्या घरात जो कापूस पडला आहे, त्याच्या भावाशी अमेरिकेचा संबंध निदान दीडशे वर्षांचा आहे.

१८६१ मध्ये अमेरिकेतील उत्तर व दक्षिण संस्थानांमध्ये यादवी युद्ध जुंपले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे कोंडली आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना लागणारा बहुतांश कापूस जेथून येई ती वाटच बंद झाली. गिरणीमालकांची दृष्टी हिंदुस्थानाकडे वळली, मुंबईत कापसाचे भाव कडाडले, आणि हिंगणघाटचा लांब धाग्याचा माल लिव्हरपूलच्या बाजारात नावाने ओळखला जाऊ लागला. १८६२ मध्ये वर्धा हा स्वतंत्र जिल्हा झाला. १८६६ मध्ये पालकवाडीच्या जागी आजचे वर्धा शहर वसू लागले. १८६७ मध्ये आगगाडी नागपुरास पोचली. मध्यप्रांत व वऱ्हाडासाठी खास कापूस कमिशनर नेमला गेला. मात्र तत्पूर्वीच, १८६५ मध्ये, युद्ध संपले, भाव कोसळले आणि मुंबईत सट्टेवाल्यांची पेढ्यांसह वाताहत झाली. ह्या साऱ्या गोष्टी एका युद्धानेच घडविल्या असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु त्यांपैकी कोणती किती घडविली, हेच मुलांनी शोधून काढावयाचे आहे.

आमचे म्हणणे एवढेच की, आठवी-नववीच्या वर्गात प्रकरणाचा आरंभ सनावळीने न करता एका मोठ्या प्रश्नाने करावा: ‘एकाच्या स्वातंत्र्याची किंमत कोण मोजतो?’ हा प्रश्न फळ्यावर महिनाभर राहू द्यावा. मग १८६१ आणि १८६५ ही साले पाठ करण्याची आज्ञा द्यावी लागत नाही. त्यांच्यावाचून उत्तरच जुळत नाही, म्हणून ती आपोआप ध्यानात राहतात. भाव चढले तेव्हा पैसा कुणब्याच्या हाती राहिला की सावकाराच्या, ज्वारीच्या रानात कपाशी गेल्यावर धान्याचे काय झाले, हे मुले विचारतील. १९०६ साली प्रसिद्ध झालेले रसेल यांचे जिल्ह्याचे गॅझेटियर पुढे ठेवले तर काही उत्तरे मिळतील, काही मिळणार नाहीत. आणि पुराव्याने कोठवर जाता येते हे समजणे हेही शिक्षणच होय.

येथून पुढची पायरी अमेरिकेची. सर्व माणसे समान निर्माण झाली आहेत असे १७७६ च्या जाहीरनाम्यात लिहिणाऱ्या जेफर्सन यांनी आयुष्यभरात सहाशेंहून अधिक गुलाम बाळगले. लिंकन यांचा १ जानेवारी १८६३ चा मुक्तीचा जाहीरनामा केवळ बंडखोर प्रदेशापुरता होता. केंटकी, मेरीलँड इत्यादी जी संस्थाने संघात राहिली, त्यांतील गुलाम त्याने सुटले नाहीत. घटनेत दुरुस्ती होऊन गुलामगिरी कायद्याने संपली ती १८६५ च्या डिसेंबरात. आणि सुटलेल्या माणसांस जमीन मिळाली नाही. त्यांतील असंख्य लोक जमीनदाराच्या शेतात वाट्याने कपाशी पिकवून दुकानदाराच्या उधारीत अडकले. उधारी हा शब्द वर्ध्याच्या मुलास समजावून सांगावा लागत नाही. लिंकन हे मुक्तिदाते होते की हिशेबी मुत्सद्दी, यावर वर्गात दोन तट पडले तर शिक्षकाने आनंद मानावा.

हा संबंध आम्ही ओढूनताणून आणीत आहो असे कोणास वाटेल. त्याने जोतीराव फुले यांचे १८७३ चे ‘गुलामगिरी’ उघडून अर्पणपत्रिका पाहावी. गुलामांस मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना पुण्याच्या एका माळ्याने आपला ग्रंथ अर्पण केला, तो शूद्रातिशूद्रांच्या मुक्तीसाठी आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा म्हणून. डॉ. आंबेडकर १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकावयास गेले आणि १९४६ मध्ये त्यांनी निग्रो पुढारी डु बॉइस यांस पत्र लिहून त्यांच्या चळवळीची चौकशी केली. जो प्रश्न ह्या दोघांना सुचला, तो आमच्या मुलांस पेलणार नाही असे मानणे हा मुलांचा अपमान आहे.

आणि हे सांगावे कोणाला? वर्ध्याला! २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली येथेच शिक्षण परिषद भरली, डॉ. झाकीर हुसेन यांची समिती नेमली गेली आणि सूतकताईसारख्या मूलोद्योगाशी गणित, भूगोल, इतिहास यांचा समवाय साधण्याची योजना निघाली. हातातल्या सुतापासून जगाच्या इतिहासापर्यंत जावे, हा त्या योजनेचा प्राण होता. पुढे पुष्कळ ठिकाणी सूत तेवढे उरले आणि इतिहास सुटला. मग सूतही सुटले. आज अमेरिकेतच सामाजिक शास्त्रांच्या शिक्षकांची राष्ट्रीय परिषद अभ्यासाचा आरंभ प्रश्नापासून करावा असे सांगते. तिने २०१३ मध्ये तसा आराखडाच प्रसिद्ध केला. बाहेरून आले म्हणून तरी आम्ही ते ऐकू, अशी आशा करावयास हरकत नाही.

परीक्षेची अडचण खरी आहे. एका ओळीच्या उत्तरास एक गुण देणाऱ्या पद्धतीत महिनाभर एकच प्रश्न घेऊन बसणारा शिक्षक मागे पडेल, ही भीतीही खरी आहे. परंतु आमच्या मते याहून मोठा धोका दुसराच आहे. ज्या शिक्षकाने उत्तर आधीच ठरविले आहे, त्याच्या हाती मोठा प्रश्न म्हणजे व्याख्यानाचे निमित्त. साम्राज्यशाही वाईट, अमेरिका वाईट, किंवा अमेरिका थोर, असे मुलांकडून वदवून घेणे ही घोकंपट्टीच, केवळ अधिक गोड आवाजात. ज्या प्रश्नाचे उत्तर शिक्षकासही पुरते ठाऊक नाही, तोच वर्गात न्यावा.

म्हणून जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने येत्या वर्षी एवढे करावे: गॅझेटियरमधील कापसाची पाने, लिंकन यांच्या जाहीरनाम्याचे मराठी भाषांतर आणि फुले यांची अर्पणपत्रिका यांची एक लहान पुस्तिका छापून प्रत्येक शाळेस द्यावी. शेवटची दोन पाने कोरी ठेवावीत. २०२५ च्या ऑगस्टात अमेरिकेने हिंदुस्थानी मालावरील जकात पन्नास टक्क्यांवर नेली आणि त्याच महिन्यात आपल्या सरकारने परदेशी कापसावरील अकरा टक्के आयातकर काही काळ उठविला. त्या हंगामात आपल्या घरच्या कापसास काय भाव आला, हे मुलांनी घरी विचारून त्या पानांवर लिहावे.