देवाशी भांडणारी माणसे

संतांनी आपल्याला मुकाट सोसायला शिकवले, असे म्हणणाऱ्या विद्वानांची मराठवाड्यात कधी वाण पडली नाही. या मंडळींनी गाथा चाळलेली असते, वाचलेली नसते. देवाने दाखवलेले स्वप्न मोडले, तर आपला भक्त देवाच्याच दारात धरणे धरतो.

स्वप्नात नामदेव पांडुरंगाला घेऊन आले आणि कवित्वाचे काम सांगून गेले, असे तुकोबाच सांगतात. पुढे त्याच कवित्वाच्या वह्या इंद्रायणीत गेल्या. वह्या तरल्याची कथा कीर्तनात रंगवून सांगतात. मला मोलाचे वाटतात ते त्याआधीचे धरण्याचे तेरा दिवस. काम तूच सांगितलेस, मग आता गप्प का, हा तुकोबांचा सवाल आहे. मुकाट सोसणारा माणूस असा जाब विचारत नाही.

सांगितलेले काम न टाकणारी माणसे पुढेही झाली. नारायण वामन टिळकांचे 'ख्रिस्तायन' हे काव्य १९१९ साली त्यांच्या निधनाने अर्धे राहिले. ते पुढे नेले त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी. नवऱ्याच्या धर्मांतराने ज्यांचा संसार एकदा मोडला होता, त्याच या लक्ष्मीबाई.

माझा जीव अडकला आहे तो शिऊरच्या संत बहिणाबाईंत. वेरूळजवळच्या देवगावात १६२८ साली जन्म, लहानपणीच लग्न, नवरा वयाने कितीतरी मोठा, कर्मठ आणि तापट. गाव सोडावे लागले, भटकत कुटुंब कोल्हापूरला पोचले. तिथे दान मिळालेल्या कपिला गाईचे वासरू बाईंच्या मागे मागे कीर्तनालाही जाई. ते वासरू गेले आणि बाई शुद्ध हरपून पडल्या. त्याच अवस्थेत, १६४७च्या सुमारास, कधी न पाहिलेल्या तुकोबांनी त्यांना स्वप्नात मंत्र दिला. गुरू शूद्र म्हणून नवऱ्याने छळ मांडला. बाई गरोदर असताना तो घर सोडून जायला निघाला. स्वप्न देवाचे आणि मार नवऱ्याचा, दोन्ही त्यांनी अभंगांत निर्भीडपणे मांडले. आपल्या स्त्रीजन्माबद्दल देवाला बोल लावला, पण मंत्र सोडला नाही. शेवटी आजारातून उठलेला नवराच त्यांच्यासोबत देहूला गेला. हे आत्मचरित्र तीनशे वर्षांपूर्वीचे. तरी आमच्या व्यासपीठांवर बहिणाबाई म्हटले की जळगावच्या चौधरीच आठवतात. त्या थोरच, म्हणून शिऊरची वाट विसरायची?

अशी माणसे आजही भेटतात. ऑगस्ट २०२२मध्ये शेजारच्या जांब समर्थच्या राममंदिरातून जुन्या मूर्ती चोरीला गेल्या. आमच्या कुंभार पिंपळगावात चहाच्या टपरीवर दुसरा विषय नव्हता. "देवाला स्वतःलाच राखता आलं नाही, तो आपल्याला काय राखणार?" कोणीतरी म्हणाले. भाजीची पाटी उतरवता उतरवता एक म्हातारी फटकन बोलली, "मग आपुन राखायचा त्याला. लई दिवस त्यानं राखलं." ऑक्टोबरमध्ये पोलिसांना मूर्ती सापडल्या, पण म्हातारीचे बोलणे त्याआधीचे होते.

आता कीर्तनात ध्वनिक्षेपक मोठे आणि हमी त्याहून मोठी: अमुक व्रत करा, मुलाला नोकरी लागेल. नोकरी लागली नाही की व्रतही सुटते, देवही सुटतो. रागावायचे, जाब विचारायचा आणि तरी सांगितलेले काम टाकायचे नाही, हे शिक्षण आम्ही गमावले. ते परत हवे असेल, तर हमी देणाऱ्या बुवांना बिदागी देणे आधी थांबवा.