चौथीतल्या मुलासाठी 1630 किती लांब असतं?

आजचा विषय घरातल्या छोट्या कंपनीचा आहे.

"आजी, तू लहान होतीस तेव्हा शिवाजी महाराज होते का गं?" आठ-नऊ वर्षांचं पोर असं विचारतं आणि आपण सगळे हसतो. पण त्याच्या डोक्यात आजीचं लहानपण, शिवकाल आणि डायनासोर हे सगळे एकाच ठिकाणी राहतात. त्या ठिकाणाचं नाव 'खूप पूर्वी'.

आता आपला अभ्यासक्रम आठवा. स्टेट बोर्डवाल्यांनी चौथीत 'शिवछत्रपती' वाचलं, म्हणजे सतरावं शतक. बालभारतीच्या पाचवीच्या परिसर अभ्यास भाग 2 मध्ये मूल थेट अश्मयुगात जातं. आणि काळ मोजायचा कसा, हा धडाही तिथेच, पाचवीत येतो. म्हणजे सनावळी आधी पाठ, त्या सनांचा अर्थ नंतर!

2020 च्या शैक्षणिक धोरणात तिसरी ते पाचवी हा 'पूर्वतयारी स्तर' आहे. नावाप्रमाणे इथे तयारी व्हायला हवी. ती घरीसुद्धा करता येते. तीन गोष्टी सांगतो.

पहिली, दोरी. एक वर्ष म्हणजे एक सेंटिमीटर धरा. मुलाचं स्वतःचं आयुष्य नऊ सेंटिमीटर, बोटाएवढं. आजी साधारण 65 सेंटिमीटरवर. महाराष्ट्र राज्य 1960 चं, म्हणजे तेही आजीच्या आसपासच. शिवरायांचा जन्म जवळजवळ चार मीटरवर, खोलीच्या दुसऱ्या टोकाला. अजिंठ्याची सगळ्यात जुनी लेणी बावीस मीटरच्या आसपास, म्हणजे दोरी घराबाहेर गेली. हडप्पा संस्कृतीची मोठी शहरं पंचेचाळीस मीटरच्या पुढे. मूल ते अंतर चालत गेलं, की आजीवाला प्रश्न आपोआप सुटतो.

दुसरी, दिवाळीतला किल्ला. माती, मावळे, हळीव सगळं आपण करतोच. फक्त सोबत प्रश्न विचारा. गडावर पाणी कुठून येणार? मग खडकात खोदलेली टाकी करावी लागतात. रायगडाचा महादरवाजा समोरून दिसत का नाही? कारण तो दोन बुरुजांच्या आड, वळणावर आहे. शत्रू अगदी जवळ येईपर्यंत त्याला दार दिसत नाही, आणि हत्तीला धावत येऊन धडक द्यायला जागा मिळत नाही. हे मुलाला पाठ करावं लागत नाही. ते स्वतःच्या किल्ल्याचा दरवाजा लगेच वळवून टाकतं.

तिसरी सगळ्यात महत्त्वाची: "कशावरून?" मुलाला विचारा, तुझा वाढदिवस आपल्याला कसा माहीत? आई सांगते, फोटो आहे, जन्मदाखला आहे. हेच पुरावे. मग शिवजयंतीची गोष्ट सांगा. बराच काळ महाराजांचं जन्मसाल 1627 मानलं जायचं. पुढे जेधे शकावली ही जुनी नोंद मिळाली आणि लोकमान्य टिळकांनी ती 1916 मध्ये छापली. तिच्यात शके 1551, फाल्गुन वद्य तृतीया होती, म्हणजे 19 फेब्रुवारी 1630. राजस्थानात सापडलेल्या कुंडलीतही तीच तिथी निघाली. अनेक वर्षं वाद झाला आणि अखेर राज्य सरकारनंही ही तारीख मान्य केली. पुरावा मिळाला म्हणून तारीख बदलली. महाराज त्यानं लहान झाले नाहीत, उलट आपण त्यांच्या आणखी जवळ गेलो.

काही जण म्हणतात, एवढ्याशा पोराला पुरावे कशाला, गोष्ट सांगा की! गोष्ट हवीच. अफजलखान आणि आग्र्याची सुटका ऐकताना डोळे मोठे झाले नाहीत, तर इतिहासात कुणी रमणारच नाही. पण गोष्ट संपल्यावर एक "कशावरून?" जोडायला दोन मिनिटं लागतात.

कारण पाच-सहा वर्षांनी याच पोराच्या हातात मोबाईल येणार आहे. तेव्हा व्हॉट्सॲपवर 'दडवलेला इतिहास' नावाचे फॉरवर्ड धडाधड येतील. ते पुढे ढकलण्याआधी त्याचा अंगठा क्षणभर थांबायला हवा, आणि ती सवय दहावीत लागत नाही.

तर या आठवड्यात घरातल्या, शेजारच्या एखाद्या पोराबरोबर दोरी मोजून बघा. आजीलाही बोलवा, तिची जागा तिला स्वतःला दाखवू दे. भेटू पुढच्या भागात!