नियम, अपवाद आणि प्रकरण

तज्ज्ञ प्रणाली उभी करणं अवघड. पण ती वर्षानुवर्षं सांभाळणं त्याहून अवघड. आज आपण एवढाच मुद्दा पाहू.

अमेरिकेतल्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनची ‘एक्सकॉन’ प्रणाली ग्राहकाच्या मागणीप्रमाणे संगणकाचे भाग जुळवून द्यायची. १९८०च्या सुमारास काहीशे नियमांवर ती चालू लागली. १९८७पर्यंत नियम ६,०००च्या वर गेले आणि त्यांतले जवळजवळ निम्मे दरवर्षी बदलावे लागत. आता एका नियमाला हात लावला, की दुसरीकडे काय बिघडेल हे कोण सांगणार?

आणि प्रणाली वैद्यकीय असेल तर? सिडनीच्या गार्वन इन्स्टिट्यूटमध्ये थायरॉइडच्या रक्ततपासणीचा अर्थ लावणारी प्रणाली होती. ती सांभाळताना पॉल कॉम्प्टन यांच्या लक्षात आलं, की “हा निष्कर्ष कसा काढलात?” असं विचारलं तर तज्ज्ञ रीत सांगत नाही, समर्थन देतो, आणि तेही समोरच्या प्रकरणापुरतं. प्रकरण बदललं की समर्थन बदलतं. ज्ञानमीमांसेचाच प्रश्न आहे हा!

यातून ‘रिपल-डाउन रूल्स’ ही पद्धत निघाली. निष्कर्ष चुकला तर जुना नियम खोडायचा नाही. त्याच्याखाली अपवाद जोडायचा, आणि ज्या प्रकरणामुळे तो जोडला तेही जपून ठेवायचं. पुढचा अपवाद लिहिताना प्रणाली ते जुनं प्रकरण समोर ठेवते: या दोघांत फरक काय? तज्ज्ञाने दाखवलेला फरक हीच नव्या अपवादाची अट. त्यामुळे त्या जुन्या रुग्णाचा बरोबर निष्कर्ष बिघडत नाही. संस्कृत व्याकरण शिकलेल्यांना उत्सर्ग आणि अपवाद आठवतील.

केस-बेस्ड रीझनिंग याच्याही पुढे जाते. तिथे मुख्य भार नियमांवर नाहीच. आमोट आणि प्लाझा यांनी १९९४मध्ये तिच्या चार पायऱ्या मांडल्या: मिळतंजुळतं जुनं प्रकरण शोधायचं, त्याचं उत्तर वापरायचं, तपासून दुरुस्त करायचं, आणि नवा अनुभव साठवायचा.

मग देखभाल संपली का? नाही. प्रयोगशाळेने तपासणीची पद्धत बदलली, तर कालचा ‘नॉर्मल’ आकडा आज नॉर्मल राहीलच असं नाही. जुनी प्रकरणं बाजूला काढावीच लागतात. पण “हे प्रकरण आज लागू पडतं का?” हा प्रश्न डॉक्टरला कळतो. हजारो नियम एकमेकांत कुठे अडकलेत, हे त्याला कळत नाही. ज्याला रुग्ण कळतो, त्याच्याच हातात दुरुस्ती राहिली पाहिजे. आपल्याला महत्त्वाचं वाटतं ते हे.