बिस्किटातील धान्य व फळ

माण हे गाव हिंजवडीच्या उद्योगवसाहतीस लागून आहे. अशा गावांत फळांचे सारण भरलेली ‘संपूर्ण धान्याची’ बिस्किटेही मुलांच्या हाती पडतात. पौष्टिक समजून ती न्याहारीऐवजी दिली जाण्याचा संभव असतो. म्हणून त्यांची पारख शाळेतच शिकविणे इष्ट आहे.

गव्हाच्या दाण्याचे कोंडा, अंकुर व गर असे तीन भाग असतात. मैदा केवळ गराचा होतो; कोंड्यातील चोथा व लोह आणि अंकुरातील जीवनसत्त्वे त्यात फारशी उरत नाहीत. नाचणी सालीसकट दळली जाते, म्हणून तिचे सत्त्व टिकते. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते. मैद्यात त्याचा अल्पांशच आढळतो. सारणातील खजूर वा अंजीर गुणकारी खरे. परंतु त्याबरोबर पुष्कळदा साखरही मिसळलेली असते.

वेष्टनावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापण्याचा नियम आहे. आरंभी मैदा व पाठोपाठ साखर असेल, तर वरील चित्रावर विसंबू नये. फळाचे शेकडा प्रमाण मुलांकडून शोधवून गणित घालावे: प्रमाण शेकडा 5 असल्यास 60 ग्रॅमच्या पुड्यात फळ किती? उत्तर अवघे 3 ग्रॅम.

मुळशीच्या डोंगरउतारांवर नाचणी पिकते. तिची भाकरी किंवा गूळ घातलेला लाडू आणि जोडीस हंगामातील पेरू, बोर वा आवळा, एवढ्याने उत्तम न्याहारी होते. भुकेल्या मुलास बिस्किट देऊच नये असे नव्हे. मात्र तेच त्याचे नित्याचे अन्न होऊ नये, याकडे शिक्षकांनी लक्ष पुरवावे.