ऑर्किडला किती उजेड लागतो? सावलीला विचारा



गेल्या भागात आपण ऑर्किडच्या पाण्याबद्दल बोललो. त्यानंतर एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आला : "पानं छान हिरवीगार आहेत, पण दोन वर्षांत एक फूल नाही. खत कोणतं घालू?" माझं उत्तर ऐकून काही जण नाराज होतील. खताची पुडी बाजूला ठेवा आणि आधी सांगा, कुंडी घरात कुठे ठेवली आहे? बहुतेक वेळा दुखणं तिथेच सापडतं.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही, स्वतः चुकून शिकलोय. माझं पोस्टिंग सिक्कीमला होतं, तेव्हा आमच्या सौ.नी तिथल्या एका नर्सरीतून डेन्ड्रोबियम नोबिलचं रोप घेतलं. हे सिक्कीमचं राज्यफूल. लग्नानंतर बरीच वर्षं मी एकीकडे आणि घर दुसरीकडे, असाच संसार चालला होता. एकत्र राहायला मिळालेलं ते आमचं पहिलं ठाणं, म्हणून त्या रोपाची माया जास्त. पुढे प्रत्येक बदलीत ट्रकमध्ये सामान चढलं की ती कुंडी मात्र सौ.च्या मांडीवर असायची. दर वसंतात ती फुलायची.

निवृत्तीनंतर आम्ही महूला स्थायिक झालो. पाहुण्यांना दिसावी म्हणून मी ती कुंडी दिवाणखान्यात, सोफ्याशेजारी मांडली. तीन वर्षं एकही कळी आली नाही. सौ. म्हणायच्या, "अहो, ती खिडकीत ठेवा." मी म्हणायचो, "इथे काय अंधार आहे का? मी इथे बसून पेपर वाचतो!" शेवटी एप्रिलमध्ये माझा संयम संपला आणि मी ती थेट पश्चिमेच्या गच्चीत नेऊन ठेवली. तिसऱ्या दिवशी पानांवर पांढरे, कागदासारखे चट्टे पडले. आठवड्याभरात बहुतेक पानं गेली. सौ. काही बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

माझी चूक कुठे झाली? मी डोळ्यांवर भरवसा ठेवला. खरं तर फौजेत आम्हाला पहिल्यांदा शिकवतात ते हेच, की रात्रीच्या गस्तीला निघण्यापूर्वी डोळे अंधाराला सरावू द्या, त्याला अर्धा तास लागतो. म्हणजे आपला डोळा उजेडाप्रमाणे स्वतःला बदलत राहतो, आणि म्हणूनच उजेड मोजायला तो कुचकामी आहे. भर दुपारी उघड्यावर साधारण एक लाख लक्स उजेड असतो. दिवाणखान्यात, खिडकीपासून चार पावलं आत, तो बहुधा काहीशे लक्सच उरतो. फरक शेकडो पटींचा, पण आपल्याला दोन्हीकडे पेपर वाचता येतो. झाडाला मात्र त्याच उजेडावर जेवण बनवायचं असतं. सोफ्याशेजारी माझं रोप तीन वर्षं अर्धपोटी होतं, आणि मी त्याला शोभेची वस्तू समजत होतो.

मग उजेड मोजायचा कसा? व्हिडिओत मी हात धरून दाखवलं होतं, वाचणाऱ्यांसाठी इथे शब्दांत सांगतो. निरभ्र दिवशी दुपारी बाराच्या सुमारास कुंडीपाशी जा. पानांच्या वर साधारण एक फुटावर हाताचा पंजा धरा आणि पानावर पडलेली सावली पाहा. सावली ठळक, बोटांच्या कडा धारदार असतील तर उजेड कडक आहे. सावली दिसते, पण कडा पुसट आहेत, तर उजेड मध्यम. सावली जेमतेम जाणवते किंवा दिसतच नाही, तर ती जागा फुलांसाठी नाही. आकडे हवे असतील तर मोबाइलवर लक्स मोजायची ॲप मिळतात. ती अगदी अचूक नसतात, पण दोन जागांची तुलना करायला पुरतात.

आता कोणाला किती? बाजारात सगळ्यात जास्त मिळतं ते फॅलेनॉप्सिस, रुंद पानांचं आणि फुलपाखरासारख्या फुलांचं. त्याला पुसट सावलीचा उजेड, म्हणजे ढोबळमानाने १० ते १५ हजार लक्स पुरे. कॅटलिया आणि डेन्ड्रोबियमला त्याच्या दुप्पट. व्हँडाला त्याहूनही जास्त, ती फ्लॅटच्या आतल्या खोलीत सहसा फुलत नाही, तिला बाल्कनीच हवी. आपल्या सह्याद्रीत झाडांवर लोंबणारी सीतेची वेणी आठवा. तीच आसामात कोपौ फूल म्हणून बिहूला मुली केसांत माळतात. ती जमिनीवरच्या गडद सावलीत वाढत नाही, वर फांदीवर बसते आणि पानांतून चाळून आलेलं ऊन खाते. आपल्याला घरात तयार करायचा आहे तो हा चाळलेला उजेड.

दुसरा साक्षीदार म्हणजे पान. गर्द, काळपट हिरवं आणि लांबट, लुळं पान पाहून आपण खूश होतो, पण ते भुकेचं लक्षण आहे. किंचित पोपटी झाक असलेलं, टणक पान म्हणजे उजेड बरोबर. पानाला लालसर-जांभळट छटा आली तर मर्यादा गाठली असं समजा. पिवळं पडणं किंवा पांढरे चट्टे येणं म्हणजे मर्यादा ओलांडली. भाजलेला चट्टा पुन्हा हिरवा होत नाही, म्हणून दुपारी पानाला हात लावून पाहायची सवय ठेवा. पान आसपासच्या हवेपेक्षा चांगलंच गरम लागलं तर कुंडी त्याच क्षणी मागे घ्या.

आता खिडक्यांकडे वळू. पूर्वेची खिडकी सगळ्यात भली. सकाळचं कोवळं ऊन फॅलेनॉप्सिसलाही चालतं. पश्चिमेचं ऊन तापलेल्या हवेत येतं, तिथे पडदा किंवा शेडनेट लावल्याशिवाय काही ठेवू नका. फॅलेनॉप्सिससाठी ७५ टक्के सावलीची जाळी, डेन्ड्रोबियमसाठी ५० टक्क्यांची. उत्तरेच्या खिडकीत फॅलेनॉप्सिस अगदी काचेला लागून ठेवली तर जगेल, फुलेलच असं नाही.

दक्षिणेच्या खिडकीचं मात्र तुम्ही कुठल्या गावी राहता यावर अवलंबून आहे. दिल्लीत डिसेंबरच्या दुपारी सूर्य क्षितिजापासून फक्त ३८ अंश वर असतो, त्यामुळे ऊन खोलीत आतपर्यंत येतं. तिथे हिवाळ्यात दक्षिणेची खिडकी आणि तिला पातळ पांढरा पडदा, हे सोनं आहे. मुंबईत मात्र मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत, आणि बंगळूरला एप्रिलच्या अखेरीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, दुपारचा सूर्य डोक्यावरून उत्तरेकडे सरकलेला असतो. त्या काळात दक्षिणेच्या खिडकीत दुपारचं थेट ऊन येतच नाही, आणि त्यात पावसाळ्याचे ढग. म्हणून ज्यांची बदली होते त्यांनी लक्षात ठेवा : जुन्या घरातली "दक्षिणेची खिडकी" नव्या शहरात तशीच वागेल असं धरून चालू नका. नव्या घरात गेल्यावर आधी रेकी करा, दर दोन-तीन महिन्यांनी सावली पुन्हा तपासा.

खिडकीच सोयीची नसेल तर साधी पांढरी एलईडी ट्यूब चालते. पानांच्या वर २० ते ३० सेंटिमीटरवर लावा आणि रोज साधारण १२ तास चालू ठेवा. रात्री मात्र बंद. फॅलेनॉप्सिससारखी कितीतरी ऑर्किडं पानांची रंध्रं रात्री उघडतात आणि लागणारा कार्बन डायऑक्साइड तेव्हाच आत घेऊन साठवतात. अंधारही त्यांच्या दिनक्रमाचा भाग आहे.

शेवटचं, आणि मला सगळ्यात महाग पडलेलं : जागा एकदम बदलू नका. सावलीतल्या झाडाला उन्हाकडे नेताना दोन आठवडे घ्या, दर तीन-चार दिवसांनी थोडं पुढे. नव्या जवानालाही पहिल्याच दिवशी वीस मैल पळवत नाहीत. आणि कळ्यांचा दांडा दिसला की कुंडी फिरवणं थांबवा, नाहीतर फुलं वेड्यावाकड्या दिशांना तोंड करतील.

आमच्या रोपाचं काय झालं? पानं गेली, पण एका जुन्या कांडीला बारीक मुळं फुटलेलं एक पिल्लू होतं. सौ.नी ते वेगळं करून छोट्या कुंडीत लावलं. या वेळी जागा मी निवडली नाही, सावलीने निवडली : पूर्वेच्या व्हरांड्यात, जाळीखाली, हिवाळ्यात रात्रीचा गारवा लागेल अशी. पाहुण्यांना ती कुंडी दिसत नाही. तिसऱ्या वर्षी फेब्रुवारीत सकाळी सौ.नी हाक मारली, "अहो, जरा बाहेर या." कांडीच्या पेरावर दोन कळ्या होत्या.

तर मंडळी, उद्या दुपारी बारा वाजता आपापल्या कुंडीपाशी जा आणि हात धरून पाहा. सावली काय सांगते ते कळवा. पुढच्या भागात ऑर्किडची कुंडी कधी आणि कशी बदलायची ते पाहू. जय हिंद!