लांकडी कोळसा आणि मातीची झांकणाची शेगडी

लांकडाचा कोळसा आपल्या भागांत लोहार, सोनार व इस्त्रीवाले यांच्या उपयोगाचा जिन्नस समजला जातो. स्वयंपाकघरांत तो शेगडीपुरता येत असे. गॅसचें सिलिंडर आल्यापासून तेवढाही येईनासा झाला. अलीकडे मात्र पुण्यामुंबईकडील कांहीं उपाहारगृहांत व बंगल्यांच्या आवारांत जाड भाजलेल्या मातीची, अंड्याच्या आकाराची व वर झांकण असलेली शेगडी दिसूं लागली आहे. ही वस्तु काय आहे, आपल्या कुंभाराकडून ती करवून घेतां येईल काय, आणि बांधावरील बाभळीचा कोळसा तींत चालेल काय, असे प्रश्न कळंब तालुक्यांतील कांहीं शेतकरी बंधूंनीं केले. सबब जी माहिती आहे ती येथें देत आहें.

ही शेगडी मूळची जपानांतली. त्या भाषेंत ‘कामादो’ म्हणजे चूल. भात शिजविण्याचें तिचें एक सुटें, मातीचें रूप तेथें प्रचारांत होतें. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथें राहिलेल्या अमेरिकन शिपायांनीं हीं पात्रें आपल्या देशीं नेलीं, व १९७४ सालीं अटलांटा शहरांत तीं विकणारें एक दुकान निघालें. साध्या मातीचीं पात्रें तडकत, म्हणून पुढें अधिक ताप सोसणारी माती वापरण्यांत येऊं लागली. कल्पना मात्र आपणांस परकी नाहीं. गुळभेंडीचीं हिरवीं कणसें आगटींतील गोवऱ्यांच्या आरांत आपण भाजतों. कोकणांत शेंगा मडक्यांत भरून, भांबुर्ड्याचा पाला घालून पोपटी लावतात. पंजाबांत तंदूर आहे. तापलेल्या मातीच्या पोटांत पदार्थ ठेवून तो चोहोंकडून भाजावयाचा, हेंच तत्त्व सर्वत्र आहे.

ह्या शेगडीची खुबी दोन गोष्टींत आहे. एक, भिंत जाड असल्यानें उष्णता बाहेर जात नाहीं. दुसरी, तिला खालीं एक दार व झांकणाच्या माथ्यावर एक भोंक असून दोन्ही हवीं तितकींच उघडतां येतात. कोळसा किती जळावा हें कोळसा ठरवीत नाहीं, हवा ठरविते. दोन्ही दारें बोटभर ठेविलीं तर विस्तव तासन् तास मंद राहतो. पुरतीं उघडलीं तर थोड्याच वेळांत लोखंड लाल व्हावें असा ताप येतो. स्वयंपाक उरकल्यावर दोन्ही बंद केलीं कीं विस्तव गुदमरून विझतो, आणि उरलेला कोळसा दुसऱ्या दिवशीं पुन्हा उपयोगीं पडतो. आयुष्यभर शिल्लक पुढें ओढण्याचें काम केलेल्या माणसास ही व्यवस्था आवडावी हें साहजिकच आहे!

पण खरा जमाखर्च पाहिला पाहिजे. मातीच्या साध्या भट्टींत १०० किलो वाळलेल्या लांकडापासून सुमारें २० किलो कोळसा निघतो. कोळशाची उष्णता वजनानें लांकडाच्या जवळजवळ दुप्पट असते; तरीही एकंदर हिशेबांत मूळ लांकडांतील जवळजवळ दोन-पंचमांशच उष्णता हातीं येते, बाकीची भट्टींतच जाते. म्हणून उभें झाड तोडून कोळसा करणें म्हणजे तोट्याचा व्यवहार. ओढ्याकांठीं व पडिकांत माजलेली वेडी बाभूळ हें मात्र त्यास योग्य लांकूड. हें झाड मूळचें अमेरिका खंडांतील. आपल्या देशांत तें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत आणिलें गेलें, व आतां मांजरेच्या खोऱ्यांत त्याला काढतां काढतां पुरेवाट होते. त्याचें लांकूड जड असल्यानें कोळसा टणक व पुष्कळ वेळ टिकणारा होतो. देशी बाभळीचाही तसाच. पण तिची सावली, शेंगा व औताचें लांकूड यांची किंमत कोळशापेक्षां अधिक आहे. आंबा, चिंच, जांभूळ, सागवान इत्यादि झाडांस १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा लागू आहे. कोणतेंही झाड तोडण्यापूर्वीं किंवा कोळसा गाडींत घालण्यापूर्वीं तलाठ्याकडे व वनखात्याच्या कचेरींत चौकशी करावी. सातबाऱ्यावर नोंद असलेलें झाड शेतांतून नाहींसें झालें म्हणजे पुढें खुलासे लिहीत बसावें लागतें, हें अनुभवाचें सांगणें आहे.

भट्टी लावणें वाटतें तितकें सोपें नाहीं. मनगटाएवढ्या जाडीचीं वाळलेलीं लांकडें दाट रचून त्यांवर पाचट किंवा पाला, व त्यावर ओल्या मातीचा थर देतात. बुडाशीं हवेसाठीं भोंकें ठेवितात. प्रथम दाट पांढरा धूर निघतो, ती बहुतेक वाफच. नंतर तो पिवळट होतो, व शेवटीं विरळ निळा दिसूं लागला म्हणजे सर्व भोंकें लिंपावयाचीं. भट्टी पुरती निवल्याखेरीज उघडूं नये; आंत हवा शिरतांच सर्व माल पेट घेतो. काढलेला कोळसाही एक दिवस उघड्यावर पसरून मगच पोत्यांत भरावा, कारण ताजा कोळसा हवा शोषून आपोआप तापतो. महाराष्ट्रांत हें काम पुष्कळ ठिकाणीं रायगड-ठाण्याकडील कातकरी कुटुंबें करितात. उचल घेऊन सहा सहा महिने मुलाबाळांसह भट्टीवर राहतात. आपल्या तालुक्यांतून ऊसतोडीस जाणाऱ्यांना ‘उचल’ ह्या शब्दाचा अर्थ निराळा सांगावयास नको. स्वस्त कोळसा स्वस्त कां मिळतो, ह्याचें निदान एक कारण तेथें आहे.

विकत घेतांना कोळसा हातांत घेऊन दुसऱ्या तुकड्यावर वाजवावा. पक्का असेल तर खणखणीत नाद येतो व मोडल्यास आंत चकाकी दिसते. तपकिरी, जड व मोडतांना तंतु दिसणारा तुकडा कच्चा होय. तो धूर करितो व अन्नास कडवट वास देतो. पेटवितांना रॉकेल ओतूं नये, त्याचा वास मातीच्या भिंतींत मुरतो. चार चिपाडें किंवा वाळलेलें खोबऱ्याचें किसणें पुरे. निखाऱ्यांवर पांढरी राख धरेपर्यंत पदार्थ ठेवूं नये.

भरिताचीं वांगीं, मक्याचीं कणसें, कांदे व रताळीं ह्या शेगडींत उत्तम भाजतात. भाकरीस मात्र ही शेगडी कामाची नाहीं. रोजच्या दहा-पंधरा भाकऱ्यांसाठीं झांकण उघडमीट करीत बसणारी गृहिणी पहिल्याच दिवशीं ती अंगणांत फेंकून देईल, आणि तें योग्यच होईल. आपल्या जिल्ह्याच्या जुन्या नांवानें प्रसिद्ध असलेल्या उस्मानाबादी शेळीच्या मांसास मात्र ती फार सोयीची. हें मांस चरबीनें कमी असतें, भडक विस्तवावर सुकून चिवट होतें. मसाला व तेल लावलेली मांडी निखाऱ्यांच्या थेट वर न ठेवतां मध्यें खापर घालून, दोन्ही दारें बोटभर ठेवून अडीच-तीन तास राहूं द्यावी. हाडावरून मांस सहज सुटूं लागलें म्हणजे झालें. दारें बराच वेळ मिटलेलीं असल्यास झांकण एकदम उघडूं नये. आधीं दोन बोटें उचलून थांबावें. गुदमरलेल्या विस्तवास अकस्मात् हवा मिळाल्यास ज्वाळा तोंडावर येते.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. कोळशास धूर नसतो, म्हणून तो निरुपद्रवी अशी समजूत आहे. ती घातक आहे. कोळसा जळतांना, विशेषतः हवा कमी पडली असतां, कार्बन मोनॉक्साइड नांवाचा विषारी वायु निघतो. त्यास रंग नाहीं व वासही नाहीं. रक्तांतील तांबडा पदार्थ प्राणवायूपेक्षां ह्या वायूस दोनशेंहून अधिक पट घट्ट धरितो, त्यामुळें श्वास चालू असूनही शरीर गुदमरतें. लांकडाचा धूर निदान डोळे चुरचुरवून माणसास बाहेर घालवितो. कोळसा सूचना देत नाहीं. आणि हवेची ज्या काटकसरीनें ही शेगडी कोळसा वांचविते, त्याच काटकसरीनें तो वायु वाढतो. म्हणून ती अंगणांत किंवा चारी बाजूंनीं मोकळ्या छपराखालींच वापरावी. पौषाच्या थंडींत उरलेले निखारे घमेल्यांत घालून शेतांतील कोठडींत नेणें व दार लावून निजणें, ह्यापायीं माणसें सकाळीं उठलेलीं नाहींत.

बाळंतिणीच्या खोलीचा प्रकार तर अधिक चिंतेचा आहे. वारा लागूं नये म्हणून खिडक्या बंद, फटींत चिंध्या, व खाटेखालीं कोळशाची शेगडी, ही चाल अजून कांहीं घरांत आहे. तान्ह्या मुलाचा श्वास जलद असल्यानें त्यास हें विष लवकर चढतें, व तें सांगूं शकत नाहीं. शेक द्यावयाचाच तर गरम पाण्याच्या पिशवीनें किंवा तापविलेल्या फडक्यानें द्यावा. शेगडी बाहेरच राहूं द्यावी. घरांतील वडील बायकांस हें पटविण्याचें काम कर्त्या पुरुषांनींच केलें पाहिजे. डोकें दुखणें, घेरी, मळमळ, आणि एकाच खोलींतील अनेकांस तें एकदम होणें, हीं ह्या विषाचीं चिन्हें. तत्काळ सर्वांस मोकळ्या हवेंत आणून दवाखान्यांत न्यावें व कोळशाची गोष्ट डॉक्टरांस सांगावी. तेथें प्राणवायु देतात. कांदा हुंगविण्यांत वेळ दवडूं नये.

कुंभाराकडून शेगडी करवावयाची असल्यास आपली काळी माती तींत मिसळूं देऊं नये. ती वाळतांना आकसून फाटते. गाळाच्या मातींत भाजलेल्या खापराचा भुगा व वाळू घालावी, भिंत दीड इंच ठेवावी, आणि भाजल्यावर बाहेरून लोखंडी पट्टीचे दोन वेढे द्यावे. पहिले तीन-चार विस्तव अगदीं मंद करावे, व तापल्या शेगडीवर पाणी कधीं शिंपडूं नये. राख काळ्या रानांत ढीगभर टाकण्यांत लाभ नाहीं, कारण ती जमीन आधींच चुन्याची व क्षारधर्मी आहे. भांड्यांस वापरावी किंवा थोडथोडी उकिरड्यांत घालावी. कोळशाचा चुरा मात्र खुशाल शेणखतांत मिसळावा.